प्रमोदभाऊंच्या विम्यातली म्हैस

जिवावरचं पायावर निभावलं, असं मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं. सांगणाऱ्यांचे दोन्ही पाय शाबूत होते.

मी सातवी शिकलेली. लिहायची सवय नाही. पण दवाखान्यात माझ्यासारख्या आडव्या पडलेल्या बायका बघितल्या, त्यांच्या उशाशी फळं घेऊन बसलेले इस्त्रीच्या शर्टातले भाऊ बघितले, तेव्हा वाटलं हे लिहायला पाहिजे. माझा पाय अजून दुखतो. दावा अजून चालू आहे, तारखा पडतात. मी काही जिंकून आलेली नाही. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेवर कळावं, एवढंच. शिवाय काही माणसांचे आभार राहिलेत आणि एकाची लाज काढायची राहिली आहे. दोन्ही इथेच उरकते.

कडेने चालणारी

माझं माहेर आजऱ्याकडचं, कोल्हापूर जिल्ह्यातलं. नवऱ्याला, दिगंबरला, जळगावात पाइपच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो. मला केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात काम मिळालं. कढईवर किसणी धरून उभं राहायचं आणि केळं सरसर तेलात सोडायचं. दिवसभर उभ्याचं काम. पायावरच सगळं.

त्या दिवशी थंडीतली संध्याकाळ होती. मी सुटून हायवेच्या कडेने घरी चालले होते. रस्त्यावरून नाही, डांबर संपतं त्याच्या पलीकडे, मातीतून. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मला पुष्कळांनी विचारलं, "तू रस्त्यात मधे तर नव्हतीस ना?" गाडी मातीत कशी आली, हे गाडीवाल्याला कोणी विचारलं नाही.

मागून गाडी आली, तिचा धक्का बसला आणि मी शेजारच्या पाण्याच्या चारीत पडले. पांढरी, मोठी, नवीनच म्हणावी अशी गाडी. समोर चहाची टपरी आहे, तिथले काका पळत आले. त्यांनी माझ्या डोक्याखाली हात घातला, पाणी पाजलं, लांब उडालेली चप्पल आणून माझ्या पिशवीत घातली. तुटक्या पायाला चप्पल कशाला लागते, पण ती त्यांनी आणली. काका, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

गाडीतून प्रमोदभाऊ उतरले. हे नाव मला नंतर कळलं. धुळ्याचे, प्लॉट विकायचा धंदा. ते उतरले ते आधी गाडीच्या पुढे गेले, वाकले, बोनेटवरून हात फिरवला, फुटलेल्या दिव्याशी च्च च्च केलं. मग माझ्याकडे आले. मी चारीतून सगळं बघत होते. तेव्हा त्याचा अर्थ लावायची ताकद नव्हती. आता आहे.

"ताई, घाबरू नका. मी शे ना! धुळ्याला माझ्या मेव्हण्याचा दवाखाना शे, एक नंबर."

टपरीवाले काका म्हणाले, "अहो, जळगावात इथल्या इथे दवाखाने पडलेत. एवढ्या लांब कुठे नेता बाईला?"

"इथं कोण विचारतं गरिबाला?" प्रमोदभाऊ म्हणाले आणि मला मागच्या सीटवर आडवं केलं.

मला भरून आलं. अनोळखी माणूस स्वतःच्या गाडीच्या सीटवर माझं रक्त सांडू देतोय! मोडलेला पाय घेऊन मी जळगावपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ओरडत गेले आणि ओरडता ओरडता त्यांचे आभार मानत गेले. एरंडोल गेलं, पारोळा गेला. वाटेत दवाखान्यांचे फलक दिसत होते. ते का थांबत नाहीत, हा प्रश्न मला पडलाच नाही. उपकाराखाली दबलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

वाटेत ते म्हणाले, "ताई, एक विनंती शे. पोलिसात नको जायला. इतकी वर्षं झाली, मी विम्याचा एक क्लेम घेतला नाही. केस झाली की माझा बोनस जातो."

विम्याचा बोनस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दिवाळीला मिळतो तसलं काहीतरी असेल. माझ्यामुळे बिचाऱ्याचं नुकसान, असं वाटून मला आणखी वाईट वाटलं. मी म्हटलं, "नाही जात, भाऊ."

पायाची हाडं आत एकमेकांवर घासत होती, आणि मी त्याच्या बोनसची काळजी करत होते.

मान

दवाखान्यात डॉक्टरांनी, म्हणजे त्या मेव्हण्यांनी, विचारलं, "काय झालं?"

विचारलं मला. उत्तर दिलं प्रमोदभाऊंनी. "घरात पायऱ्यांवरून घसरल्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढंच केलं मी. जिच्या घराला पायऱ्याच नाहीत, पत्र्याची एक खोली आहे, ती बाई पायऱ्यांवरून घसरल्याला मान हलवून मोकळी झाली. तुमच्यावर अशी वेळ आली तर बाकी काही जमलं नाही तरी चालेल, मान तेवढी हलवू नका.

नडगीचं हाड दोन जागी मोडलं होतं. आत सळई घातली. दिगंबर दुसऱ्या दिवशी आला, पहिल्यांदा माझ्यापाशी रडला आणि मग बाहेर जाऊन प्रमोदभाऊंबरोबर चहा प्यायला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला.

"मोठा माणूस आहे गं," तो म्हणाला. "बिल तेच भरणार आहेत. आणि आमच्या ठेकेदाराला ओळखतात. मला कायम करायचं बोलतो म्हणाले."

बघा कसं असतं. पाय माझा मोडला आणि नोकरी नवऱ्याची पक्की होणार. मी तरीही खूश झाले. परमुलखात कोणी आपलं म्हणणारं मिळालं की माणूस असंच होतं.

वॉर्ड

वॉर्डातलं जगणं सगळीकडे सारखंच असावं. सकाळी फरशीवर फिनेलचा वास, मग सुई, मग राउंड, मग वाट बघणं. कशाची ते कोणाला माहीत नसतं. बेडपॅन मागायची लाज पहिल्या दिवशी वाटते, पुढे वाटत नाही. सिस्टर रागावायच्या, पण माझी वेणी रोज घालून द्यायच्या. लघवीचं भांडं उचलणाऱ्या मावशी कधी नाक मुरडायच्या नाहीत. या बायका नसत्या तर मी वेडी झाले असते.

शेजारच्या खाटेवर अक्का होत्या. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या, वय झालेलं पण जीभ तलवारीसारखी. त्यांचा डबा घरून यायचा, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा, आणि त्यातली अर्धी भाकरी माझी ठरलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुले काय व्हयनं वं बाई?"

मी म्हटलं, "पायऱ्यांवरून घसरले."

अक्कांनी माझ्या मांडीवरचं काळंनिळं, कंबरेपर्यंत खरवडलेलं अंग बघितलं. "पायऱ्यासले चाकं व्हतात का वं?" एवढं म्हणून कुशीवर वळल्या. वळता येत नव्हतं तरी वळल्या.

मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं. वॉर्डात गुपित फार काळ टिकत नाही, पांघरूण अपुरं असतं.

भाऊ होणे

प्रमोदभाऊ दर थोड्या दिवसांनी यायचे. येताना केळी आणायचे. वेफर्सच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला केळी! मला केळ्याच्या वासानेच मळमळायचं. पण मी म्हणायची, "कशाला भाऊ, त्रास घेतला?"

ते आले की अक्का मोठ्याने म्हणायच्या, "तुन्हा भाऊ उना वं!" आणि भिंतीकडे तोंड करायच्या.

एकदा ते साडी घेऊन आले. मोरपंखी रंगाची, चांगली होती, खोटं कशाला बोलू. दिगंबरच्या देखत माझ्या पायावर ठेवली, धड पायावर, आणि म्हणाले, "मला बहीण नाही, ताई. तुम्हाला भाऊ नाही असं दाजींनी सांगितलं. आजपासून मी तुमचा भाऊ. यंदा आखाजीला माहेरी यायचं. मी स्वतः मुराळी म्हणून न्यायला येणार."

बाहेरच्या वाचकांना सांगते. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. भाऊ न्यायला येतो. बायका माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या कारखान्यात आखाजीला कढया बंद व्हायच्या, कारण बायकाच नसायच्या. माझं माहेर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वडील गेलेले, आई थकलेली, भाऊ नाहीच. मी दर आखाजीला एकटी कुलूप लावलेल्या चाळीत बसायची आणि लांबून गाणी ऐकायची. हे दिगंबरने त्यांना चहावर सांगितलं होतं. गाळ शोधून गळ टाकावा तसं या माणसाने बरोबर तिथेच टाकलं.

आणि मी गिळलं. साडी छातीशी धरून रडले.

तो गेल्यावर अक्का म्हणाल्या, "भाऊ म्हने! भाऊ बहीनना पाय मोडस का वं?"

मला त्यांचा राग आला. दोन जेवणं त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी मात्र घेतली.

निदानाचा दिवस

जखम चिघळली. ताप यायला लागला. परत ऑपरेशन, परत पट्ट्या. त्यानंतर डॉक्टर एका सकाळी राउंडला आले, पायाला टेप लावला, माझ्याकडे न बघता फाइलशी बोलावं तसं बोलले, "हा पाय जरा आखूड राहणार. लंगडं चालावं लागेल. जास्त वेळ उभं राहता येणार नाही."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"कायमचं आहे ते."

मी म्हटलं, "माझं काम उभ्याचं आहे."

"मग बसून करायचं दुसरं काहीतरी बघा," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. सातवी शिकलेल्या बाईला बसायचं काम देणारा कोणता कारखाना आहे, तो पत्ता काही त्यांनी दिला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. आधी दुखत होतं, आता भीती वाटत होती. दोन्हींत फरक असतो. दुखण्याला गोळी आहे. दिगंबर कोपऱ्यात उभा राहून पंख्याकडे बघत होता. सिस्टर आल्या, माझी वेणी सोडली आणि परत घातली. नीटच होती, तरी घातली.

दिगंबरने प्रमोदभाऊंना फोन लावला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. "दाजी, पहिलं बिल भरलं ना मी? आता इन्फेक्शन झालं त्याला माझी गाडी काय करणार?"

बहिणीचा पाय गाडीने मोडला, इन्फेक्शन मात्र परकं.

म्हैस

तरीही ते आले. कारण त्यांना धाकधूक होती आणि तोंड गोड ठेवायचं होतं. आले ते खुशीत. गाडी गॅरेजमधून आली होती.

"एकदम नवीन झाली, ताई! बंपर नवं, लाइट नवा, बोनेट नवं. झिरो डेप पॉलिसी घेतेल शे ना आपण, एक रुपया लागला नाही. कंपनीने बठ्ठं करी दिधं."

झिरो डेप म्हणजे काय मला कळलं नाही. नंतर कळलं की ती महागातली पॉलिसी, तिच्यात गाडीचा नवा भाग झिजेचे पैसे न कापता मिळतो. पण माझ्या डोक्यात एक जुनं वाक्य अडकून पडलं होतं.

"भाऊ, तुमचा बोनस?"

"तो गेला. जाऊ दे," ते म्हणाले. "एवढं काम निघालं, त्यापुढे बोनस काय?"

बोनसपुढे माझा पाय काही नव्हता. बंपर होता.

"मग कंपनीने विचारलं नाही का, गाडी कशी फुटली?"

इथे त्यांना हसू आलं. खरंखुरं, पोट हलवणारं हसू. "विचारलं ना! म्हैस आडवी उनी, सांगी दिधं."

मग अक्का हसायला लागल्या. खुब्याला हात लावून, कळ सोसत हसल्या.

"माय वं! म्हैस! ऐक वं बाई, आते आखाजीले साडी नई, दावं लईसन येई तुन्हा भाऊ!"

प्रमोदभाऊ ओशाळले आणि म्हणाले, "अक्का, तसं नाही, कागदावर काहीतरी लिहावं लागतं ना..." आणि निघून गेले. केळी ठेवूनच गेले. अक्कांनी मावशींना वाटायला सांगितली.

मी त्या दिवशी रडले नाही. मला त्याची किळस आली. चोराची येत नाही एवढी. चोर निदान साडी देत नाही.

तिसरी पार्टी

अक्कांची नात सुजाता धुळ्याच्या कोर्टात वकिली करते. डबा घेऊन तीच यायची. अक्कांनी तिला माझ्या खाटेवर बसवलं आणि म्हणाल्या, "हिले सांग. ही म्हैस शे का बाई, ते ठरावानं शे."

सुजाताताईंनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. चुकलं तर त्यांचं नाही, माझं.

गाडीच्या पॉलिसीत दोन भाग असतात. एक गाडीवाल्याच्या स्वतःच्या गाडीसाठी. तो घ्यायचा की नाही, महाग घ्यायचा की स्वस्त, ही त्याची मर्जी. बोनस मिळतो तो या भागावर. दुसरा भाग सक्तीचा, प्रत्येक गाडीला असायलाच पाहिजे. त्याला थर्ड पार्टी म्हणतात.

"तिसरी पार्टी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "रस्त्याने चालणारा माणूस. गाडीने ज्याला लागलं तो."

"म्हणजे मी दावा केला असता तर त्यांचा बोनस..."

"गेलाच नसता. तुमच्या दाव्याचा त्या बोनसशी संबंध नाही. बोनस गेला तो म्हशीमुळे."

मी त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं. म्हणजे त्या माणसाने मला मोडलेल्या पायाने एवढ्या लांब नेलं, खोटं बोलायला लावलं, माझा भाऊ झाला, ते सगळं कशासाठी? जी गोष्ट माझ्यामुळे जाणारच नव्हती ती वाचवण्यासाठी. आणि मग तीच गोष्ट त्याने बंपरसाठी स्वतःच्या हाताने घालवली. एवढी महागडी पॉलिसी घेणाऱ्याने त्या पॉलिसीत काय आहे ते एकदा वाचलं नव्हतं. मी सातवी शिकलेली, मला माफ आहे. याला काय झालं होतं?

"स्वस्तातली नुसती थर्ड पार्टी असती तर?"

"तरी तुमचा हक्क तेवढाच होता. त्याने गाडीला मखमल घातली काय आणि गोणपाट घातलं काय, तुमचा भाग तोच राहतो. हां, पॉलिसीच संपलेली असती तर अवघड होतं. मग त्याच्याच मागे लागावं लागलं असतं, आणि असे लोक तेव्हा सगळं बायकोच्या नावावर करून मोकळे होतात. तसं नाही, हे तुमचं नशीब. पण आता कंपनी भांडेल. म्हणेल, आमच्याकडे तर म्हैस लिहिलेली आहे, ही बाई कुठून आली? दवाखान्यात पायऱ्या, कंपनीत म्हैस, पोलिसात काहीच नाही."

"मग?"

"मग पोलिसात खरं सांगायचं. टपरीवाले काका साक्षीला आहेत. उशीर झालाय, पण मुदत गेलेली नाही. मात्र एक लक्षात ठेवा. जितका उशीर, तितकी म्हैस खरी होत जाते."

घरात

मला सुट्टी मिळाली, वॉकर घेऊन जळगावात खोलीवर आले. खरं आजारपण इथे सुरू झालं. दवाखान्यात तुम्ही पेशंट असता, घरात अडगळ होता. वेफर्सच्या कारखान्यात माझ्या जागी दुसरी उभी राहिली होती. कपडे दिगंबर धुवायचा आणि बालदी जोरात आपटायचा.

मी पोलिसात जायचं म्हटलं की तो उसळायचा.

"त्या माणसाने बिल भरलं! आणि माझं कायमचं काम?"

"झालास का कायम?"

"होणार आहे."

"माझी तंगडी कायमची आखूड झाली. तेवढंच कायम झालंय आपल्या घरात."

तो चार लोकांना घेऊन आला. आमच्याच चाळीतले शहाणे. एकाने सांगितलं, "वहिनी, कोर्टाची पायरी चढू नये शहाण्याने." दुसरा म्हणाला, "साडी घेतली ना? मग संबंध झाला. भावावर केस कशी करणार?" मी त्यांना चहा दिला. वॉकर धरून, कप कसाबसा सांभाळत चहा दिला आणि त्यांच्यातलं कोणीही कप घ्यायला जागेवरून उठलं नाही. त्यांच्या शहाणपणाचं वजन मला तिथे कळलं.

पण भीती खरी होती, ती मी लपवत नाही. दिगंबरचं काम गेलं तर? मीच दवाखान्यात मान हलवली, आता खोटी ठरले तर? पोलीस ओरडले तर? सुजाताताईंना फोन करायचे आणि नुसती रडायचे. त्या ऐकून घ्यायच्या. मागून अक्कांचा आवाज यायचा, "गप बठनी का वं ती म्हैस?" आणि मला रडता रडता हसू यायचं.

एकदा सुजाताताई म्हणाल्या, "अजून एक अडचण आहे. पोलिसांना गाडी बघावी लागेल. ती धुळ्यात. तो आपणहून आणून थोडीच दाखवणार?"

मी म्हटलं, "ताई, आणेल. आखाजी जवळ आली आहे."

आखाजी

प्रमोदभाऊ खरंच आले. असली माणसं देखाव्याला चुकत नाहीत. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी चाळीच्या तोंडाशी ती पांढरी गाडी येऊन उभी राहिली. नवं बंपर, नवा दिवा, आरशाला झेंडूची माळ. चाळीतल्या बायका बघत राहिल्या. एक म्हणाली, "नशीब काढलंस गं! असा भाऊ कुणाला मिळतो?"

"कुणालाच मिळू नये," मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा केली.

मी मोरपंखी साडी नेसले होते. दिगंबरला फक्त एवढं म्हटलं, "तू पुढे बस." त्याला काही सांगितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात माणूस चेहरा वाचतोच. तो पुढे बसला.

मी त्याच मागच्या सीटवर बसले. सीटला नवं कव्हर होतं. प्रमोदभाऊ बोलतच होते, घरी पुरणपोळी आहे, आंब्याचा रस आहे, झोका बांधला आहे. धुळ्याचा रस्ता लागला. टपरी आली, काकांनी हात वर केला. त्यांना सकाळीच निरोप गेला होता. ती चारी आली. प्रमोदभाऊंनी तिच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. म्हशी पुष्कळ असतात, कुठली कुठे पडली कोण लक्षात ठेवतं!

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, पुढे डाव्या हाताला जरा थांबाल? माहेरी जायच्या आधी एका ठिकाणी डोकं टेकवायचंय."

"देवळात? चला ना, ताई!" ते म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली. आत, आवारात नेऊन, झाडाच्या सावलीत छान लावली. इंजिन बंद केलं. मग समोरची पाटी वाचली.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर सुजाताताई उभ्या होत्या. सकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या.

प्रमोदभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. माळेतल्या झेंडूंच्या मधून त्यांचे डोळे दिसत होते. "ताई, हे काय? आपलं नातं..."

मी दाराला हात घातला. दिगंबर पुढे बसला होता आणि तो काय करेल ते मला माहीत नव्हतं. तो खाली उतरला. मागे गेला, डिकी उघडली, वॉकर काढला, त्याचे पाय उलगडले आणि माझ्या दारापाशी आणून घट्ट धरून उभा राहिला. त्याने प्रमोदभाऊंकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "सावकाश उतर. घाई नाही."

मी उतरले. आखूड पाय आधी, मग चांगला. पायऱ्या होत्या तिथे, खऱ्या पायऱ्या, आणि मी त्यांवरून घसरले नाही. वर पोचल्यावर मागून हाक आली.

"ताई! तुम्ही आत काय सांगणार?"

मी वळले.

"काही नाही, भाऊ. तुमची म्हैस सापडली, तेवढं सांगून येते."